एम.ए.ची दरख्वास्त

एम.ए. करायचं असं मी कधी ठरवलं नव्हतं. ते माझ्या तोंडून निघून गेलं.

सत्तावन्न सालच्या मार्चातली गोष्ट. परभणीच्या एका शाळेत मी इतिहास शिकवत होतो. आमचा जिल्हा हैदराबाद राज्यातून निघून मुंबई राज्यात गेल्याला चार महिने झाले होते. जिल्हा गेला म्हणजे आम्ही कुठं गेलो नाही, आम्ही होतो तिथंच होतो. पण पश्चिमेकडून माणसं मात्र यायला लागली होती. त्यातलेच एक नवे शिक्षक आमच्या शाळेत आले. वयानं माझ्याहून लहान, नावापुढं एम.ए. आणि बोलणं अतिशय गोड. मधल्या सुट्टीत चहा पिताना ते म्हणाले, "पेडगावकर, तुमच्या मराठीत उर्दू फार येतं हो. पण त्यात तुमचा काय दोष? तुमचं बी.ए.च मुळी उर्दूतून झालेलं. आमच्याकडच्या इंटरइतकं धरायला हरकत नाही."

माझ्या तोंडात गरम चहाचा घोट होता. तो तसाच गिळला, त्यामुळे डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पाणी चहाचं आहे हे कुणाला पटणार नाही म्हणून मी घाईघाईनं बोललो, "मी यंदा एम.ए.ला जायलोय."

"वा! कुठं?"

"ते ठरायचंय."

इथं हे प्रकरण संपायला हवं होतं. पण कोपऱ्यात हेडमास्तर वर्तमानपत्राआड बसले होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या शिक्षकांसमोर माझं अभिनंदन केलं, आणि त्याच दमात असंही सांगितलं की पुढच्या काळात वरच्या वर्गांचा इतिहास एम.ए. झालेल्यांकडेच द्यावा असा त्यांचा विचार आहे. आता एम.ए. केलं नाही तर मला जन्मभर पाचवीच्या मुलांना अश्मयुग शिकवावं लागणार होतं. मी तेव्हा चौतीस वर्षांचा होतो. अश्मयुगात काढायला हे वय फार लहान.

संध्याकाळी घरी आलो तर बायको, सुमन, दारातच उभी.

"तुमी एम.ए. करायलात म्हणं."

"कोण म्हणालं?"

"शिवमूर्तीअप्पाच्या दुकानात कळलं. साखर घ्यायला गेले होते. सगळ्यांना ठाऊक हाय, मीच तेवढी राहिले होते."

शिवमूर्तीअप्पा म्हणजे आमच्या गल्लीच्या तोंडावरचे आडते. धान्याची उलाढाल मोठी, किराणा नुसता हौसेखातर. त्यांच्या ओट्यावर रोज संध्याकाळी बैठक भरे, आणि गल्लीतल्या कुणाचंही लग्न, दुखणं, घराचं कौल किंवा विहिरीचा पंप त्या ओट्यावर मंजूर झाल्याखेरीज पुढं जात नसे. तिथं दुसरं वजन दिनकररावांचं. दिनकरराव निजामाच्या अमदानीत अदालतीत पेशकार, म्हणजे न्यायाधीशापुढं कागद मांडणारे कारकून, होते. पेन्शन घेऊन पाच वर्षं झाली होती, पण शेरवानीची बटणं अजून गळ्यापर्यंत लावत.

मी कोणत्या कॉलेजात अर्ज करावा हा प्रश्न त्या ओट्यावर आठ दिवस चालला. मला पहिले दोन दिवस बोलावलंही नव्हतं.

"नागपूर," शिवमूर्तीअप्पा म्हणाले. "तिथली तुरीची डाळ एक नंबर. मास्तर, शिकणाऱ्याचं पोट शांत पायजे. पोट बिघडलं की काय वाचताव आन् काय न्हाई."

"लाहौलविलाकुवत!" दिनकरराव म्हणाले. "इल्म म्हणा, विद्या म्हणा, ती हैदराबादेत. बाकी सगळी गावं."

सुमनला विचारलं तर ती म्हणाली, "कुठंबी जा, पण पोळ्याला आन् दिवाळीला घरी येता आलं पायजे." माझा स्वतःचा निकष मी कुणालाच सांगितला नाही. जिथली प्रवेशपरीक्षा सोपी, ते कॉलेज उत्तम, असं माझं मत होतं. हैदराबादच्या माझ्या जुन्या कॉलेजात आपल्याच पदवीधरांना परीक्षा नव्हती, तेव्हा दिनकररावांना मान देऊन मी पहिलं पत्र तिकडं टाकलं.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. आपला जिल्हा आता परराज्यात मोडतो, परराज्यातील विद्यार्थ्यांच्या जागा भरल्या आहेत, दिलगीर आहोत. ज्या कॉलेजात मी चार वर्षं काढली, ज्याच्या वसतिगृहातल्या ढेकणांनासुद्धा मी नावानं ओळखत होतो, त्यानं मला परका ठरवलं होतं. ते पत्र वाचल्यावर दिनकरराव त्या दिवशी ओट्यावर बसलेच नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी आले तेव्हा शेरवानीचं वरचं बटण उघडं होतं.

राहिली नागपूर आणि पुणे. दोन्हीकडं प्रवेशपरीक्षा, आणि दोन्हीकडं अर्जासोबत रहिवासाचा दाखला हवा. अर्जदार दहा वर्षं मुंबई राज्याचा रहिवासी असल्याचा.

दाखला कोणत्या कचेरीत मिळतो ते मी सांगत नाही, कारण तिथल्या कारकुनाची अजून नोकरी चालू असेल. त्यानं माझा अर्ज वरून खाली वाचला, मग खालून वर वाचला.

"जन्म कुठल्या राज्यात?"

"हैदराबाद राज्यात."

"आन् आता कुठं राहताव?"

"तिथंच. म्हणजे त्याच घरात."

"पण ते राज्य तर इथं न्हाई राहिलं."

"घर राहिलंय ना."

"घराचं मी कुठं विचारायलोय? मुंबई राज्यात दहा वर्षं पायजेत. तुमचे झाले पाच महिने." त्यानं बोटांवर हिशेब केला. "नऊ वर्षं सात महिन्यांनी या."

मी हात हलवत परत आलो. ओट्यावर ही हकिकत सांगितली तेव्हा हैदराबादच्या पत्रानंतर दिनकरराव प्रथमच ताठ बसले. त्यांनी दौत-टाक मागवली. "मास्तर, तुमी तोंडी गेलात, इथंच चुकलात. सरकार तोंडी ऐकत नसतं." आणि दीड तास खपून त्यांनी हलफनामा, म्हणजे प्रतिज्ञापत्र, लिहिला. त्यातलं एकच वाक्य मुद्द्याचं होतं, पण ते वाक्य मी विसरणार नाही: 'अर्जदार आपल्या जागेवरून हललेला नाही, हद्द हललेली आहे, सबब हलल्याचा दोष हद्दीकडे असावा.'

कारकुनानं ते वाचलं. शेजारच्या कारकुनाला दाखवलं. दोघं आतल्या साहेबांकडं गेले, आणि अर्ध्या तासानं माझा दाखला शिक्क्यासकट बाहेर आला. कारकून मला दारापर्यंत पोचवायला आला. "ह्याची एक नक्कल मिळंल का?" त्यानं हळूच विचारलं. "माझीबी बढती ह्याच्यातच अडकलीय."

त्या दिवसापासून दिनकररावांचं मनगट मोकळं झालं. दोन्ही कॉलेजांना 'आपण हीच संस्था का निवडली' याबद्दल चार ओळी लिहून हव्या होत्या. मी लिहायला बसलो तर त्यांनी मला थांबवलं. "दरख्वास्तीत थोडी खुशामद लागतेच. मी सांगतो, तुमी लिहा." त्यांनी सांगितलं, मी मराठीत उतरवलं. पुण्याला लिहिलं की पुण्याखेरीज अन्यत्र ज्ञानार्जन करण्याची कल्पनाही मला असह्य वाटते. नागपूरला लिहिलं की विद्वत्ता ही नागपूरच्या हवेतच आहे आणि इतर शहरांतली केवळ तिची सावली होय. लिहिताना मला जरा शरम वाटली, पण दोन्ही शहरं एकमेकांपासून लांब आहेत या विचारानं धीर आला.

लखोटे चिकटवायचं काम शिवमूर्तीअप्पांनी आपल्याकडं घेतलं. पोस्टातला डिंक कच्चा असतो असं त्यांचं म्हणणं होतं. दुकानात त्यांनी घरी शिजवलेली खळ होती. मी निश्चिंत मनानं कागद त्यांच्या हाती दिले आणि मे महिन्याच्या सुट्टीत अभ्यासाला पेडगावला गेलो.

पेडगावला आमचं थोडं शेत होतं, ते मुंजाजी पाहत. मुंजाजी माझ्या वडिलांच्या बरोबरीचे. ते म्हणाले, "बन्सीधर, हितं ऱ्हा. मळ्यात आंब्याखाली बाज टाकून देतो. कावळासुदीक वरडणार न्हाई." कावळा खरंच ओरडला नाही. पहिल्या दिवशी मी इंग्रजी निबंधाचं पुस्तक उघडलं, 'फुरसतीचे महत्त्व' या विषयावर पहिलं वाक्य लिहिलं, आणि मान वर केली तर समोर एक म्हातारी बसलेली. तिचं नाव गोजरबाई.

"सायब, कागदावर माजं नाव गोदाबाई लागलंय. ते गोजर करा."

"आजी, मी साहेब नाही. मी परीक्षेचा अभ्यास करायलोय."

"मग हेच लिवा. तेवडाच अभ्यास हुईल."

तिला लवकर घालवावं म्हणून मी अर्ज लिहून दिला. हीच माझी चूक. दुसऱ्या दिवशी सातजण आले, तिसऱ्या दिवशी शेजारच्या झरी गावाहून बैलगाडी आली. नव्या सरकारचा साहेब आंब्याखाली बसून फुकट अर्ज लिहायलाय, अशी बातमी पसरली होती. शिवाय जुने जमिनीचे, वाटणीचे, पंचनाम्याचे सगळे कागद उर्दूत, आणि ते वाचू शकणारी माणसं कमी होत चाललेली. लोक ट्रंकांच्या तळातून पिवळे कागद काढून आणत, मी वाचून सांगे, आणि ऐकून कुणी हसे, कुणी भांडे, एकदा तर दोन चुलतभाऊ माझ्यासमोरच रडले. मुंजाजी गर्दीला रांगेत बसवत आणि येणाऱ्याला पाणी पाजत. "पोरगं लय शिकलंय," ते सांगत. "म्हून तर आजून शिकायलंय."

तीन आठवड्यांत मी एकशे बारा अर्ज लिहिले. 'फुरसतीचे महत्त्व' या निबंधाचं एकच वाक्य झालं होतं, आणि त्यातही व्याकरणाची चूक होती.

परभणीला परतलो तर दोन पाकिटं वाट पाहत होती. नागपूरच्या पाकिटात माझेच कागद, आणि वर चिठ्ठी: 'पुण्याखेरीज अन्यत्र ज्ञानार्जन आपणांस असह्य वाटते असे आपण कळविले आहे. आपल्या भावनांचा आदर करून कागद परत पाठवीत आहोत.' पुण्याची चिठ्ठी अधिक थोडक्यात होती: 'नागपूरच्या हवेबद्दलचे आपले मत वाचले. तरीही पंचवीस जून रोजी लेखी व तोंडी परीक्षेस हजर राहावे.'

मी दोन्ही चिठ्ठ्या घेऊन ओट्यावर गेलो. शिवमूर्तीअप्पांनी त्या नीट ऐकून घेतल्या.

"म्हंजे लखोटे आदलाबदल झाले," ते म्हणाले. "पर मास्तर, एक बगा. खळ पक्की होती का न्हाई? एकबी वाटेत सुटला न्हाई."

आता वाटच एक उरली होती. पंचवीस जूनला मी पुण्याला त्या कॉलेजात हजर झालो. लेखी परीक्षेचा इतिहासाचा भाग बरा गेला. इंग्रजी निबंधाला विषय 'माझा आवडता छंद' असा होता. मला कोणताही छंद नसल्यामुळे मी दुसऱ्यांचे अर्ज लिहिणे हा छंद म्हणून लिहिला. आजूबाजूला वीस-एकवीस वर्षांची मुलं सरसर लिहीत होती. एकानं मला निरीक्षक समजून जास्तीचा कागद मागितला. मी तो आणून दिला. खरं सांगून दोघांनाही लाजवण्यापेक्षा ते सोपं होतं.

दुपारी तोंडी परीक्षा. टेबलापलीकडं तीन प्राध्यापक. मधले दाबके, विभागाचे प्रमुख. पांढरे केस, करडा कोट, आणि हातात माझा अर्ज.

"नागपूरची हवा सोडून आलात, त्रास नाही ना झाला?" त्यांनी विचारलं.

डावीकडचे प्राध्यापक खाली बघून हसले. मी खरं ते सांगितलं: लखोटे, खळ, दिनकरराव, सगळं. सांगता सांगता माझ्या तोंडून 'दरख्वास्त' गेली, 'तसदीक' गेलं, 'सबब' गेलं. प्रत्येक शब्दाला डावीकडचे प्राध्यापक उजवीकडच्यांकडं बघत. माझे कान तापले. वाटलं, आपण आपली परभणी उगाच सोडली. पाचवीची मुलं माझ्या शब्दांना हसत नाहीत. ती माझ्या टोपीला हसतात, पण ते वेगळं.

मग दाबक्यांनी विचारलं, "उर्दू म्हणजे ही लिपी तुम्हाला चांगली येत असेल?" आणि भिंतीकडं बोट केलं. तिथं मोठ्या सोनेरी चौकटीत एक पिवळा कागद लावला होता. "सव्वादोनशे वर्षांपूर्वीचं फर्मान आहे, औरंगाबादच्या सुभेदाराचं. मी त्यावर निबंध वाचलाय. पाहा, जमतंय का."

मी उठून जवळ गेलो. अक्षर घसरट होतं, पण पेडगावच्या आंब्याखाली मी त्याहून वाईट वाचलं होतं. वर्गात धडा वाचतो तसं मी खणखणीत आवाजात वाचत आणि मराठीत सांगत गेलो: "सन तेराशे बत्तीस फसली. म्हैस, नग एक. रंग काळा. डावं शिंग मोडलेलं. परक्याच्या ज्वारीत शिरताना पकडून सरकारी कोंडवाड्यात दाखल. मालकानं दंड भरून..."

इथं माझा आवाज आपोआप बारीक झाला.

डावीकडचे प्राध्यापक खिडकीबाहेर पाहत होते आणि त्यांचे खांदे हलत होते. तेराशे बत्तीस फसली म्हणजे एकोणीसशे बावीस. त्या म्हशीला मरून फार तर पंचवीस वर्षं झाली असतील.

"हा कागद तुम्हाला कुणी वाचून दिला होता, सर?" मी शक्य तितक्या नम्रपणे विचारलं.

"ज्यानं विकला त्यानं," दाबके म्हणाले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "पेडगावकर, अक्षर घसरट आहे. कुणाचीही चूक होऊ शकते. तुम्ही एकदा पुन्हा पाहा."

मला कळलं. इतकं कळायला एम.ए. लागत नाही. 'होय सर, मीच चुकलो' एवढं म्हटलं की काम होणार होतं. हेडमास्तर आठवले, अश्मयुग आठवलं, स्टेशनवर सोडायला आलेली सुमन आठवली. तिनं माझ्या कोटाच्या खिशात घडी घातलेला रुमाल ठेवला होता आणि 'घाबरू नका' एवढंच म्हणाली होती. मी पुन्हा कागदाकडं वळलो. फार वेळ पाहिलं. एखादं अक्षर तरी सुभेदाराकडं झुकतंय का, ते शोधलं. पण शिकवायच्या धंद्यात माणसाला एक खोड लागते. फळ्यावर चुकीचं दिसलं की हात पुसायला जातोच.

"सर," मी म्हणालो, "शिंगाच्या पुढची ओळ मघाशी माझ्याकडून सुटली होती. म्हैस गाभण आहे, असंही लिहिलंय."

त्यानंतर मला कुणी काही विचारलं नाही.

घरी आल्यावर मी 'झाली परीक्षा' एवढंच सांगितलं. ओट्यावर मला बघताच लोक हवापाण्याच्या गोष्टी काढत. शिवमूर्तीअप्पांनी तर न मागता दोन शेर तुरीची डाळ घरी पाठवली, त्यावरून माझा चेहरा कसा दिसत असेल ते मी ओळखलं. शाळा सुरू झाली. वेळापत्रकात माझ्या नावापुढं पाचवीचे तीन वर्ग होते. सुमननं एकदाच विचारलं, आणि मी तिला सगळं सांगितलं, गाभण म्हशीसकट. ती मग म्हणाली, "खोटं सांगून आला असताव तर मला कळलं असतं. मग दोन वर्षं मी तुमाला फराळाचा डबा कुठल्या तोंडानं पाठवला असता?"

तीन आठवड्यांनी शिवमूर्तीअप्पा भर दुपारी दुकान सोडून आमच्या दारात आले. मागं दिनकरराव, मागं अर्धी गल्ली. अप्पांच्या हातात उघडलेलं पाकीट.

"मास्तर, पोस्टमननं दुकानात टाकलं. डिंक कच्चा होता, आपोआप उघडलं."

"आणि आपोआप वाचलं गेलं," दिनकरराव म्हणाले. ते हसत होते. पेन्शन घेतल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

पत्र दाबक्यांच्या हातचं होतं. 'आपली निवड झाली आहे. त्याच विक्रेत्याकडून घेतलेली आणखी बत्तीस फर्मानं माझ्या कपाटात आहेत. मी त्यांवर पुस्तक लिहायला घेतलं होतं. आपण शक्य तितक्या लवकर यावं. तोपर्यंत हा मजकूर कृपया कुणाच्या कानावर जाऊ देऊ नये.'

मी मान वर केली. दारात मोजून सतरा माणसं उभी होती.

बिनपगारी रजा मिळाली आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मी पुण्याला गेलो. पहिल्याच संध्याकाळी दाबक्यांनी आतून कडी लावून कपाट उघडलं. कागद टेबलावर मावेनात म्हणून आम्ही जमिनीवर सतरंजी टाकून बसलो. मी वाचत होतो आणि ते निमूटपणे दोन ढीग लावत होते. कोंडवाड्याच्या आठ पावत्या, विहिरीवरची दोन भांडणं, एका जकात नाक्याचं हजेरीपत्रक. हुंड्यात कबूल केलेला घोडा लंगडा निघाल्याची एक तक्रार होती. ती ऐकून दाबके पहिल्यांदा मोकळेपणानं हसले. मग बत्तिसावा कागद हाती आला आणि मी थांबलो. शिक्का खरा होता. हिजरी सन अकराशे छत्तीस, म्हणजे इसवी सतराशे तेवीस-चोवीस. तो खरोखरच सुभेदाराचा हुकूम होता, एका तळ्याच्या दुरुस्तीबद्दलचा.

मी वाचून दाखवला. त्यांनी ऐकलं, आणि बराच वेळ त्या कागदाच्या कडेवरून नुसतं बोट फिरवत राहिले.

"पेडगावकर," ते शेवटी म्हणाले, "ही लिपी मला या वयात येईल?"

"येईल की."

मी पाठकोरा कागद घेतला, टाक घेतला आणि पहिलं अक्षर मोठं काढून त्यांच्यापुढं सरकवलं. त्रेसष्ट वर्षांचे विभागप्रमुख मांडी घालून सरसावून बसले आणि ओठांतल्या ओठांत म्हणाले, "अलिफ."

आणि माझ्या तोंडून बारा वर्षांच्या सवयीनं निघून गेलं, "काहीच ऐकू येत नाही. मोठ्यानं!"

मी जीभ चावली. पण त्यांनी पाठ ताठ केली आणि बाहेरच्या शिपायाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "अलिफ!"